तांबड्या गायीची शपथ

केनरिक सकाळपासून गोठ्यात गायीसमोर शपथ घेत होता आणि दर खेपेला ती चुकत होती.

गाय त्याचीच होती. पण शेजारचा ग्रिम म्हणत होता, ही आपली हरवलेली कालवड, कानावरची खूण बघा. आता कानाला खाच काय, कुणाच्याही गायीच्या असते. तरी ग्रिमने सभेत तक्रार घातली आणि केनरिकच्या गळ्याशी आलं. शपथ सुरळीत पार पडली तर गाय राहणार होती. मध्ये अडखळला तर गाय जाणार, वर चोर म्हणून शिक्का बसणार, आणि चोराच्या शब्दाला पुढे कुठल्याच सभेत किंमत नसते.

इतकी वर्षं यात अवघड असं काही नव्हतं. टेकाडावर सभा भरायची, इंग्रज आणि समुद्रापलीकडून येऊन इथं वसलेले डेन एकाच पिंपातली जवाची दारू प्यायचे आणि ज्याला जमेल तशी शपथ घ्यायचे. यंदा मात्र दक्षिणेच्या इंग्रज राजाचा अंमल इथवर आला होता. त्याच्या कारभाऱ्याने दवंडी पिटवली होती, की ज्याने त्याने आपापल्या बापाच्या भाषेत शपथ घ्यावी. भेसळ चालणार नाही.

केनरिकचा बाप इंग्रज. शपथ त्यानेच पाठ करून घेतलेली. पण घरात बायको डेन, आणि तिच्यासोबत अर्धा जन्म गेलेला.

"गुन्वोर," त्याने हाक मारली, "आभाळाला आपण जे म्हणतो, तो शब्द तुझा की माझा?"

"तुझा. मी इथं नांदायला आल्यावर शिकले."

"अगं, मी तुझ्याकडून शिकलो!"

गुन्वोरचे चीज दाबणारे हात थांबले. "मग सुरीचा कुणाचा?"

"तेच तर विचारतोय."

"मला काय विचारतोस? मला वाटायचं, मी तुझी भाषा बोलते."

"आणि मला वाटायचं, मी माझी बोलतो," केनरिक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सभेत कारभारी बाकावर बसला होता. समोर शपथेसाठी चर्चमधून आणलेली संताच्या अस्थींची पेटी, आणि बाजूला खुंट्याला बांधलेली गाय.

"हा राजाचा कायदा आहे," तो म्हणाला. "कायद्यापुढे इंग्रज तो इंग्रज, डेन तो डेन. मधलं कुणी कायद्याला ठाऊक नाही. बोल."

केनरिकने पेटीवर हात ठेवला. सुरुवात बरी झाली. वाक्यं आपोआप येत होती, थेट बाबांच्या आवाजात, आणि त्याचा जीव थोडा भांड्यात पडला. "देवाच्या साक्षीनं आणि या भूमीच्या—" इथवर तो आला. पुढचा शब्द होता, 'कायदा'. तो जिभेवर आलाही, आणि त्याच क्षणी मनात आलं, अरे, हा तर गुन्वोरच्या माहेरचा! बाबा नक्की दुसरं काहीतरी म्हणायचे. काय म्हणायचे? त्याने डोकं खाजवलं. तोंड उघडंच राहिलं आणि सगळी सभा त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली.

"शपथ मोडली," कारभारी म्हणाला.

केनरिकला लाज वाटली, मग त्याहून जास्त राग आला. तो गर्रकन ग्रिमकडे वळला आणि कुंपणावरून रोज बोलायचा तसा सुटला.

"ग्रिम्या, गाढवा, ही माझ्या गोठ्यात जन्मली! आडवी आली होती, तेव्हा खांद्यापर्यंत हात घालून ओढायला कोण आलं होतं? तूच ना? वर माझी दारू ढोसून गेलास! कानाला खाच मी त्याच दिवशी मारली, तुझ्याच सुरीनं. खोटं बोलत असेन तर हा संत माझी जीभ झडवो!"

ग्रिमचा चेहरा उतरला. "ती? ती आडवी आलेली? ही ती?"

"मग कोण?"

ग्रिमने गायीच्या कानावरची खाच चाचपली. "कारभारी, मी तक्रार मागे घेतो."

"पण शपथ झालेलीच नाही! हा काय बोलला ते मला धड कळलंसुद्धा नाही."

"मला कळलं ना. तक्रार माझी होती."

कारभारी वैतागला. "राजाला काय सांगू? कुठल्या भाषेत शपथ घेतली याने?"

केनरिकने ग्रिमकडे पाहिलं, ग्रिमने केनरिककडे. दोघांनाही सांगता येईना.

"आम्ही बोलतो ती," शेवटी ग्रिम पुटपुटला.

घरी येऊनही केनरिकचं तोंड पडलेलंच. "गाय राहिली गं. पण बाबांची शपथ माझ्या हातून गेली."

"कुठं अडलास?"

त्याने शब्द सांगितला.

"तो आमचाच," गुन्वोर म्हणाली. "आमच्या सभांमधला."

"म्हणून तर थांबलो."

"अरे, पण कारभारी सकाळपासून तोच तर घोकत होता! मी ऐकलं ना मागे उभी राहून."

केनरिक आठवत राहिला. खरंच होतं. मग तो उठून गोठ्यात गेला, गायीच्या पाठीवर हात ठेवला आणि शपथ पहिल्यापासून सुरू केली. अडलेल्या जागी तोच शब्द घातला. शपथ शेवटपर्यंत गेली, कुठेही न अडखळता, बाबांच्या आवाजात.

म्हणजे बाबासुद्धा हेच म्हणायचे. बाबांनी तो कुणाकडून उचलला होता, हे विचारायला आता बाबा नव्हते.