जुनं माप, वाढती पोर

"नाही म्हणजे नाही! पळणंबिळणं आपल्यासाठी नाही," मावशीने शिलाई मशीनचं चाक हाताने थांबवत निक्षून सांगितलं. "खेळाच्या बाईंना सांग, दम्याचा त्रास आहे म्हणून."

"दरवर्षी तेच सांगतेस. आणि मला दमा नाहीये, मावशी."

दमा नव्हताच. पोरीला जन्मापासून एचआयव्ही होता, आईकडून आलेला. ती लहान असतानाच आई गेली, आणि शिवणकाम करणाऱ्या या मावशीने तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. रोजची गोळी कधी चुकू दिली नाही. पण गोळीच्या जोडीला तिने स्वतःच्या मनाने एक पथ्यही लावलं. धावायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, जड पिशवी उचलायची नाही. आपल्या घरात अशी पोर असती तर आपणही हेच केलं असतं, खरं की नाही?

पोर वर्गात सगळ्यात बुटकी, म्हणून सगळे तिला पिटुकली म्हणत. पंधरा वर्षांच्या मुलीला हे नाव काय गोड लागणार! यंदा मात्र तिला शाळेच्या धावण्याच्या संघात जायचं होतं. सराव सोमवारी सुरू होणार होता, आणि मावशी काही ऐकायला तयार नव्हती.

त्याच आठवड्यात नेहमीची तपासणी आली. दवाखान्याची लिफ्ट नेमकी बंद! जिने चढून वर पोचेपर्यंत पिटुकली धापा टाकायला लागली. मावशीला आयतंच निमित्त मिळालं.

"बघा डॉक्टरबाई! धड जिना चढवत नाही, आणि म्हणे शर्यतीत पळणार!"

डॉक्टरबाई पिटुकलीला ती मांडीवर बसायची तेव्हापासून ओळखत होत्या. त्यांनी छाती तपासली, नाडी पाहिली, रक्ताचा अहवाल वाचला.

"गोळ्या छान काम करताहेत. विषाणू तपासणीत सापडतही नाही, इतका कमी झालाय. हृदय उत्तम, फुप्फुसं उत्तम."

"मग हा दम कसला?"

"बसवून ठेवल्याचा."

मावशीचा पारा चढला. "बसवून ठेवल्याचा? तळहाताच्या फोडासारखं जपलंय मी तिला!"

"जपलंत म्हणून तर ती आज इथे उभी आहे," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "पण जन्मापासून हा आजार असलेल्या मुलांची हाडं बरेचदा नाजूक राहतात, अंग भरत नाही, वयात यायलाही उशीर होतो. त्यांना गोळीबरोबर पोटभर चांगलं जेवण हवं आणि घाम निघेल असा खेळ हवा. हाडं याच वयात बळकट होतात, ताई. आत्ता बसवलंत, तर पुढे तिलाच जड जाईल."

मावशीचा आवाज खाली आला. "पडली, रक्त आलं तर? दुसऱ्या मुलांना काही..."

"कुठल्याही मुलाला लागल्यावर करतात तेच करायचं. जखम धुवायची, पट्टी बांधायची. सोबत खेळून हा आजार कुणाला होत नाही. आणि शाळेत सांगायचं की नाही, ते तुम्ही दोघींनी ठरवायचं."

"पण तिचं अंग वाढतंयच कुठे? तिचे कपडे मीच शिवते ना. गेली कित्येक वर्षं तेच माप आहे!"

"माझ्याकडे तर उंची वाढलेली दिसतेय. हळूहळू, पण वाढलीय."

तेव्हा पिटुकली हळूच बोलली. "मावशी, तू माझं माप घेतेसच कुठे? जुन्या मापाचा कागद कापडावर ठेवून कापतेस. बाहीत काचतं मला. हात वर करता येत नाही."

"अगं मग बोलायचंस ना!"

"मागे मला टेप लावलीस तेव्हा तुझे डोळे भरले होते. म्हणून नाही बोलले."

अगं बाई! गल्लीतल्या झाडून साऱ्या पोरींची मापं घेणारी ही बाई, आणि घरच्या पोरीला टेप लावत नव्हती! एका वर्षी लावली होती, तेव्हा ती जुन्याच आकड्यावर थांबली. मावशी त्या दिवशी न्हाणीघराचं दार लावून रडली होती. पुन्हा ते बघायला नको, म्हणून कागदावरच भागवत आली.

घरी येताच मावशीने टेप काढली. आधी खांदा मोजला, मग छाती, मग दंड. मग पुन्हा खांदा.

"अगं, वाढलीस की गं तू!" ती ओरडलीच. डोळे या वेळीही भरले, पण पिटुकली खुदकन हसली. जुना कागद कचऱ्याच्या डब्यात गेला आणि रविवारभर बसून मावशीने ऐसपैस बाह्यांचा सदरा शिवला.

सोमवारी संध्याकाळी पोर घरी आली. केस घामाने चिकटलेले, चेहरा लालबुंद, श्वास फुललेला. "बस आधी!" मावशीच्या अगदी ओठावर आलं होतं. तिने ते गिळलं आणि पाण्याचा पेला पुढे केला.

"कितवी आलीस?"

"सगळ्यात शेवटी! पण मध्ये थांबले नाही."

मंडळी, अशी मुलं औषधांच्या आणि घरच्यांच्या जिवावर जगली, मोठी झाली. आता त्यांना आपल्या भीतीच्या मापाचे कपडे घालू नका. गोळी वेळेवर द्या, पोटभर खाऊ घाला, आणि इतर मुलांबरोबर मैदानात सोडा. आजाराने जितकं अडवलं नसेल, तितकं आपल्या काळजीने अडवू नये.

मावशीने तो घामाने ओला सदरा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी खांद्यात अजून थोडं कापड जास्त ठेवते."