शून्याखाली शून्य

निवृत्त होऊन दोनेक महिने झाले असतील, तेव्हा मास्तरांच्या डोक्यात ते खूळ शिरलं. कुठल्याही आकड्याला त्याच आकड्यानं भागलं की उत्तर एक. दोन भागिले दोन एक, अर्धा भागिले अर्धा एक, अगदी हजारावा भाग घेतला तरी एकच. मग शून्यापाशीच घोडं का पेंड खातं?

"बिचाऱ्या शून्याला उगीच वाळीत टाकलंय सगळ्यांनी," ते बायकोला म्हणाले.

तिला गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण नवरा दिवसभर भिंतीकडे बघत बसायचा तो काहीतरी लिहायला लागला, यातच तिला सगळं आलं. नऊ वर्षं मास्तर आतल्या खोलीत शून्य भागिले शून्य बरोबर एक हे सिद्ध करत राहिले आणि नऊ वर्षं ती बाहेर भांडीसुद्धा बेतानं घासत राहिली. शेवटी तीच म्हणाली, "अहो, दाखवा की आता कुणाला तरी. लोणचं घालायचंय का त्याचं?"

मास्तरांचा एक जुना विद्यार्थी विद्यापीठात प्राध्यापक झाला होता. शाळेत तो इतक्या सावकाश लिहायचा, की मास्तरांनीच त्याला गोगलगाय म्हणायला सुरुवात केली होती. मास्तर दारात दिसताच तो उठला, स्वतःची खुर्ची त्यांना दिली आणि सगळे कागद उभ्यानंच वाचले. तसाच, सावकाश. मग म्हणाला, "सर, अक्षर अजून तस्संच सुंदर आहे हो तुमचं."

ज्या पोराच्या पेपरात कौतुक करण्यासारखं काहीच सापडायचं नाही, त्याच्या अक्षराचं कौतुक मास्तरही करत आले होते.

"अक्षराचं राहू दे. गणिताचं बोल."

"चहा सांगू, सर?"

"नापास झालो असेन तर तसं सांग."

प्राध्यापक खडू शोधू लागला. मग फळ्याकडे वळला. "सर, क्ष भागिले क्ष धरलं, तर क्ष शून्याजवळ नेताना उत्तर एक येतं. तुमचं बरोबर आहे. पण वर दोन क्ष घ्या. तेही शून्याकडेच जातात, उत्तर मात्र दोन. सात क्ष घ्या, सात. जे मागाल ते मिळतं. म्हणून मग काहीच..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

शिकवलं होतं खरं. वर्षानुवर्षं, याच शब्दांत. आपलंच बोलणं आपल्याला या नऊ वर्षांत एकदाही कसं आठवलं नाही, हे मास्तरांना कळेना.

"कितव्या पानावर चुकलो?"

"पहिल्या," प्राध्यापक खाली बघत म्हणाला.

मास्तरांनी कागद गोळा केले, एकसारखे लावून पिशवीत घातले. बस समोरच उभी होती, तरी ते चालत निघाले. घरी पोचेपर्यंत बायकोला खरं काय ते सांगून टाकायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं.

ती दारातच होती, फोन कानाला लावून. पलीकडे तिची बहीण होती. "आले, आले! थांब हं," ती फोनवर म्हणाली आणि मास्तरांकडे वळली. "काय म्हणाला हो?"

तिच्या तोंडाकडे बघून मास्तरांची जीभ उचलेना. "छापू म्हणाला," ते म्हणाले.

"अगं, छापणार आहेत!" ती फोनमध्ये ओरडली. इतकी मोठ्यानं ती त्या घरात कित्येक वर्षांत बोलली नव्हती. मग पदरानं डोळे पुसत आत गेली आणि त्यांच्या टेबलावरची धूळ झटकायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मास्तरांच्या हातात चहा दिला आणि म्हणाली, "बसा आता निवांत. छापायचं म्हणजे पुन्हा एकदा नजरेखालून घालायला हवं ना?" जाताना तिनं दार हलकेच ओढून घेतलं. बाहेर ती कुणाला तरी हळू बोलायला सांगत होती.

मास्तरांनी पेन्सिल उचलली. करण्यासारखं आत काही नव्हतं, आणि जेवणाची हाक येईपर्यंत बाहेरही जाता येणार नव्हतं.