न उघडलेली कुपी

नर्सबाईंचा दीर छातीने दमेकरी, पण जिभेने ठणठणीत. गल्लीच्या टोकाला त्याचं सलून होतं. तिथे कात्रीपेक्षा त्याचं तोंडच जास्त चालायचं. साथीवर नवी लस आली आणि त्याला विषय मिळाला. "एवढ्या घाईत बनवलेली वस्तू मी गिऱ्हाइकाच्या केसांनासुद्धा लावत नाही," तो म्हणायचा, आणि अर्ध्या दाढीची गिऱ्हाइकं खो खो हसायची.

साथीत त्याची छाती टिकणार नाही, हे नर्सबाईंना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी समजावलं, रागावल्या, एकदा तर रडल्याही. तो सगळं हसण्यावारी न्यायचा. मग समोरचा शिंपी साथीत गेला, आणि दुसऱ्या दिवशी हे महाशय दवाखान्यात हजर!

"द्या वहिनी. पण पटकन. मला भीती वाटते."

नर्सबाईंच्या जिवात जीव आला. पण नियम आडवा आला. एका कुपीत दहा जणांची लस. उघडली की त्याच दिवशी संपवायची. म्हणून निदान पाच माणसं जमल्याशिवाय उघडायची नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. मागे एक कुपी वाया गेली, तेव्हा नर्सबाईंनी चांगलीच बोलणी खाल्ली होती.

"बसा भाऊजी, येतीलच कोणीतरी."

तो बाकावर बसला. बाहीचं बटण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. बाहेर चिटपाखरू फिरकेना. शेवटी नर्सबाई आत जाऊन डॉक्टरांच्या विनवण्या करू लागल्या. ते कसेबसे हो म्हणाले. धावत बाहेर येतात तो बाक रिकामा.

लसीचा थंड डबा खांद्याला अडकवून त्या तडक सलूनमध्ये गेल्या. दारातच त्याचा आवाज कानावर पडला.

"गेलो होतो ना मी! सख्ख्या वहिनीने बसवून ठेवलं, पण सुई काही टोचली नाही. घरच्या माणसाला द्यायला हात धजावत नाही, यातच काय ते समजा!"

"भाऊजी, तसं नाही हो! कुपी उघडायला माणसं लागतात. आता परवानगी आणलीय मी, चला, बाही वर करा."

"असू द्या, वहिनी." तो मायेने हसला. "तुमची नोकरी आहे, तुम्हाला उघड बोलता येत नाही. मला कळलं. तुम्ही मला वाचवलंत, हे उपकार मी विसरणार नाही."

तेवढ्यात त्याला खोकल्याची उबळ आली, आणि नर्सबाई त्याची पाठ चोळत राहिल्या.