कडेची खुर्ची

आमच्या सोहळ्यात मला सगळे खुर्चीबाई म्हणतात. तोंडावर हे म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. गाणी, मालिका, फोनवरचे व्हिडिओ, सगळ्यांना बक्षिसं देणारा हा सोहळा, आणि मतं फक्त पंचविशीच्या आतल्यांची. त्यात कोण कुठे बसणार ते मी ठरवते. काम फालतू वाटत असेल, तर एकदा रुसलेल्या नटाला दुसऱ्या रांगेतून चौथ्या रांगेत हलवून दाखवा, मग बोलू.

माझी खरी धावपळ जाहिरातींच्या वेळात असते. दिग्दर्शक हेडफोनमधून विजेत्याचं नाव सांगतो आणि मी त्या माणसाला रांगेच्या मधून उठवून कडेच्या खुर्चीवर आणते. म्हणजे नाव पुकारल्यावर लोकांचे गुडघे तुडवत जायला नको. खरं कारण सांगायचं नसतं, म्हणून मी सगळ्यांना एकच वाक्य ऐकवते, "इथून नीट दिसेल." पण कलाकार काय दूधखुळे असतात? कडेची खुर्ची मिळाली की बक्षीस मिळालं, हे त्यांना पाठ झालंय. त्यामुळे माझा एकच नियम होता. ती खुर्ची दुसऱ्या कुणालाही द्यायची नाही.

गेल्या वर्षी मी तो मोडला.

'नवा आवाज' गटात तेरा वर्षांची एक मुलगी होती. वडील बस चालवतात. कामावरचेच बूट चकाचक पॉलिश करून आले होते. मुलीच्या पुढ्यात एक नटी टोपलीएवढा अंबाडा घालून बसली होती, आणि पोरगी बिचारी मान इकडून तिकडे करून दमली. मला कळवळा आला. कडेची खुर्ची मोकळी होती, कारण त्या गटाचा विजेता पलीकडच्या रांगेत आधीपासूनच कडेला बसला होता. मी तिला हाताला धरून उठवलं. "ये गं, इथून नीट दिसेल."

पहिल्यांदाच ते वाक्य खरं होतं.

शेजारच्या गायकानं तिच्या पाठीवर थाप मारली. वडिलांनी डोळे पुसले. माझ्या डोक्यात तेव्हाच प्रकाश पडायला हवा होता, पण मी पुढच्या रांगेत कुणाशी तरी हुज्जत घालत होते. पाकीट उघडलं आणि नाव वाचण्याआधीच ती उठली. मंचाच्या पायरीपर्यंत पोचली. नाव दुसऱ्याचंच निघालं. अख्खं सभागृह हसलं, आणि ती फ्रॉकची कड मुठीत धरून तिथेच उभी राहिली.

सकाळपर्यंत तो व्हिडिओ घराघरात पोचला. खाली लोकांनी लिहिलं, आगाऊ, उतावळी, भाव खाणारी. माझ्या एका वाक्यानं हे थांबलं असतं. दिग्दर्शकानं विचारलंही, "तिला कडेला कुणी बसवलं?"

"स्वतःच जाऊन बसली असेल," मी म्हणाले. "पोरं काय ऐकतात?"

आयोजकांनी तेच जाहीर केलं, मुलीनं स्वतःहून जागा बदलली म्हणून. माझी नोकरी वाचली. त्यानंतर वर्षभर मी स्वतःला समजावत राहिले की लोक विसरतात.

लोक कसले विसरतात! या वर्षी नवा गट आला, 'सगळ्यात हसवणारा क्षण'. त्यात पहिला व्हिडिओ तिचाच. माझी लेक एका संध्याकाळी फोन नाचवत स्वयंपाकघरात आली. "आई, मी रोज हिलाच मत देते. काय भारी पडलाय तिचा चेहरा!" मी कांदा चिरत होते, बरं झालं. लेकीला काही बोलायला माझं तोंडच राहिलं नव्हतं.

आज ती आली. उंच झालीय, केस बारीक कापलेत. दाराशी मी तिच्या वडिलांना विचारलं, "गाणं कसं चाललंय?"

"बंद केलंय हो, ताई. घरातसुद्धा गात नाही," ते म्हणाले. "आज आली नसती, तर घाबरली म्हणाले असते. म्हणून आणलं. एवढं ते बक्षीस तिला मिळू नये, म्हणजे झालं."

बूट तेच होते, तसेच चकाचक पॉलिश केलेले. मी नजर वर केलीच नाही.

जाहिराती लागल्या. कानात दिग्दर्शकाचा आवाज आला, "हसवणारा क्षण, तीच पोरगी. कडेला घे. नव्वद सेकंद."

मी तिच्या रांगेपाशी गेले. "ये गं," मी म्हणाले, "इथून नीट दिसेल."

ती निमूट उठली. कडेच्या खुर्चीवर बसल्यावर तिनं माझा हात धरला.

"काकू, गेल्या वर्षी पण तुम्हीच बसवलं होतंत ना?"

"हो," मी म्हणाले.

"बाबा म्हणत होते, सगळ्यांना सांगू या. मीच नको म्हटलं. तुम्ही चांगल्या मनानं बसवलं होतंत, उगाच तुम्हाला ओरडा बसला असता."

ती मागच्याच खुर्चीवरच्या वडिलांकडे वळून हळूच म्हणाली, "बाबा, सुटलो. या खुर्चीवर बसलं की बक्षीस मिळत नाही. गेल्या वर्षी बघितलं ना आपण?"

वडिलांनी खांदे सैल सोडले. वर्षभरात पहिल्यांदाच हसले असावेत. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "थँक यू, काकू."

अजून दहा सेकंद होते. तिला सांगता आलं असतं, ऊठ, बाहेर जा, चूक माझी होती, तेव्हाही आणि आताही. समोर कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर रोखला जात होता.

"बसली का?" कानात आवाज आला.

"बसली," मी म्हणाले, आणि कॅमेऱ्याच्या वाटेतून बाजूला झाले.