कुंपणाबाहेरची वहिनी

साहेब, तुम्ही चौकशी केलीच नाहीत. मास्तरांच्या नौकेचं पुढचं शीड गुंडाळताना अडकलं, आणि खुर्चीतून न उठता तुम्ही माझ्या वहिनीचं नाव लिहिलंत. फाटकावर नोटीस डकवलीत: दोर चुकीचे बांधले, धक्क्यावर प्रवेश बंद. सव्वीस वर्षं याच धक्क्यावर दोर बांधणारी बाई एका कागदाने बाहेर!

काल काय झालं ते आता ऐका.

मास्तरांच्या नौकेवर तुमचा माणूस शीड गुंडाळायच्या दोरीला विंचचा रहाट लावून ओढत होता. वहिनी कुंपणाला नाक लावून ओरडली, "अहो, थांबवा ते! शीड जिच्याभोवती गुंडाळतं ती तार पिळवटेल! भावजी, वर बघा. शीड चढवायचा दोर तारेला वेढे घालतोय का?"

मी शिडं शिवतो. दोरांतलं मला शष्प कळत नाही. मान मोडेस्तोवर बघितलं. "तीन वेढे!"

"मग ओढताय काय? उलटं फिरवा. शीड पूर्ण उघडा."

उघडलं. वेढे आपोआप सुटले.

"आता शिडाचा माथा जिला अडकवलाय ती गोल फिरणारी कडी, ती फिरकी बघा. डोलकाठीच्या टोकापासून किती खाली आहे?"

"असेल... दीड हात."

ती फिसकन हसली. "भावजी, हे शीड कोणी शिवलं हो?"

मीच. कापड पुरेना म्हणून दीड हात आखूड कापलं होतं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. त्यामुळे फिरकी खाली राहिली, दोर तारेला लगटला आणि तिच्याबरोबर गुंडाळला जाऊ लागला.

"तुमच्या दादाची पँटही अशीच शिवली होतीत!" वहिनी म्हणाली. फाटकावरचा रखवालदार इतका हसला की तोंडातली शिट्टी पाण्यात पडली.

शीड उतरवलं. वहिनीने दीड हात दोर कापला, दोन्ही टोकांना पक्क्या गाठी मारल्या आणि जाळीतून माझ्या हातात दिला. तो शीड आणि फिरकीच्या मध्ये जोडून शीड पुन्हा चढवलं. फिरकी थेट टोकाला! दम्याने बेजार मास्तरांनी दोन बोटांनी दोरी ओढली. शीड सर्रकन गुंडाळलं.

"थांबा, परत करतो!" मास्तर म्हणाले. नव्या छत्रीशी खेळावं तसं सात वेळा उघडलं, सात वेळा मिटलं. अख्खा धक्का टाळ्या पिटत होता. कुंपणाबाहेर वहिनी जाळी खडखडवून आकडे मोजत होती.

साहेब, शीड मी आखूड शिवलं. खाली सही करतोय; बंदी घालायची तर माझ्यावर घाला. तिची नोटीस आज सकाळीही फाटकावर होती. ती कधी काढता? वार सांगा.