राळेच्या खड्यातलं फूल

मी एक जुना राळेचा खडा आहे. शिकलेले लोक मला अंबर म्हणतात. मित्रांनो, मला गरीब समजू नका. माझा जन्मच रागातून झाला. एका किड्याने माझ्या झाडाची साल पोखरली. झाडाला ओरडता येत नव्हतं, म्हणून त्याने मला बाहेर सोडलं. मी चिकट धारेने वाहत गेलो आणि त्या किड्याला जागच्या जागी धरलं. त्याला कोट्यवधी वर्षं झाली. मी अजून त्याला सोडलेलं नाही.

त्याच धारेत एक इवलंसं फूल येऊन पडलं. त्याच्यावर माझा राग नव्हता, पण मला धरून ठेवणंच येतं. मग मी त्याला जिवापाड जपलं. ते सारं रान मातीखाली जाऊन कोळसा झालं, तरी मी त्याची एक पाकळी दुमडू दिली नाही.

गुजरातेतल्या एका कोळशाच्या खाणीत मजुरीला गेलेल्या चिचगडच्या हिरालालच्या फावड्याला मी लागलो. घरी येऊन त्याने मला लेकीच्या, आचलच्या हातावर ठेवलं. ती मला रोज उन्हात धरून फुलाशी गप्पा मारायची. दिवाळीची सुट्टी संपली की ती मला शाळेत दाखवायला नेणार होती.

तेवढ्यात धानाची कापणी आली. आचलचा काका मुन्नालाल विळे मुठीत बसवायचा. लाख तापवून मुठीच्या भोकात भरायची आणि गरम असतानाच विळा खुपसायचा, ही इथली रीत. त्या सकाळी त्याची लाख संपली आणि कोनाड्यातला मी त्याच्या नजरेस पडलो.

"काका, थे लाख नोहोय! त्यात माहं फूल आहे!" आचल धावत आली.

"चूप बस. लाखीतच जिंदगी गेली माही. तू मले शिकवून राहिली का?"

त्याने हातोडी घातली. माझे दोन तुकडे झाले. किडा एकात राहिला, फूल दुसऱ्यात. आणि त्याने नेमका फुलाचा तुकडा निखाऱ्यावर धरला.

मी लाखेसारखा वितळलो नाही. काळा पडलो, धुरावलो. माझ्या पोटातलं फूल जळून गेलं. तरी त्या हट्टी माणसाने तो चुरा मुठीत कोंबला आणि विळा ठोकला. तेव्हाच मी ठरवलं, जन्मभर धरून ठेवलं, आता याच्यासाठी धरायचं नाही.

दुसऱ्या दिवशी धानाच्या बांधीत मुन्नालालने विळ्याचा पहिलाच झपका मारला. मी पकड सोडली. पातं निसटून त्याच्या डाव्या तळहातात घुसलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

"तुह्या गोट्यानं हात कापला माहा, पोरी," तो कण्हत म्हणाला.

आचलने ओढणी फाडून त्याचा हात घट्ट बांधला. मग म्हणाली, "हात त भरून येईल, काका. माहं फूल कुठून आणशील?"



मित्रांनो, काही जुनं हाती लागलं तर फोडण्याआधी एकदा उन्हात धरून पाहा. मुन्नालाल आता तेच करतो. लाखेचा प्रत्येक तुकडा तापवण्याआधी उजेडात धरतो, फिरवतो, डोळे बारीक करून आत बघतो. किड्याला पोटात घेऊन उरलेला मी कोनाड्यातून पाहत असतो.

बघू दे त्याला. ते फूल त्याला कधीच दिसणार नाही.