तीन नंबरच्या दाराचा ठोकळा

मित्रांनो, उभ्या ट्रकच्या चाकाखाली लाकडाचा तिरका ठोकळा सरकवतात, तो तुम्ही पाहिला असेल. पाहिला तरी लक्षात राहिला नसेल. तसाच एक ठोकळा मी, आता वयाने थकलेला.

छपराच्या कामातून उरलेल्या तुळईच्या तुकड्यातून सुताराने मला कापले. पोटाला जुन्या टायरची पट्टी ठोकली, पाठीत कडी बसवून दोरी बांधली आणि म्हणाला, "जा, ट्रक अडव." मला वाटले, थट्टा करतोय.

माझी नेमणूक झाली ती एका गोदामात. पण हे गोदाम माल साठवायचे नव्हे. एका भिंतीला आठ दारे, समोरच्या भिंतीला आठ दारे आणि मध्ये नुसती मोकळी फरशी. सकाळी या बाजूला कारखान्यांचे मोठे ट्रक लागत. एकात नुसता साबण, दुसऱ्यात नुसत्या वह्या, तिसऱ्यात नुसती औषधे. समोर गावोगावी जाणारे टेम्पो उभे असत आणि प्रत्येक गावाला सगळ्यातले थोडे थोडे हवे असे. म्हणून खोकी उतरवायची, त्यांवर गावाच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची आणि ट्रॉलीवरून फरशी ओलांडून त्या त्या गावच्या टेम्पोत चढवायची. दुपारपर्यंत फरशी रिकामी झालीच पाहिजे. एक खोके जरी मागे राहिले, तरी मुकादमाच्या कपाळाला आठी पडे. "आपल्याकडे माल मुक्कामाला येत नाही," तो म्हणे, "उभ्या उभ्या पाणी पितो आणि पुढे जातो."

आता माझे काम सांगतो. ट्रकची पाठ दारापुढच्या उंच फलाटाला टेकली की मधल्या फटीवर जाड लोखंडी पत्रा टाकत. त्यावरून भरलेली ट्रॉली आतबाहेर करी. दर फेरीच्या हिसक्याने ट्रक केसभर पुढे सरकू पाही. त्यात भर म्हणजे, पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून आमच्या अंगणाला किंचित उतार होता. पण मी चाकाखाली असेपर्यंत ट्रकची काय बिशाद होती!

तीन नंबरच्या दारावर एक वयस्कर हमाल होते. जड खोके उचलणाऱ्या कुणालाही ते हटकून "सावकाश!" म्हणत, म्हणून सगळे त्यांना सावकाशकाका म्हणत. ते मला टाचेने दाबून बघत आणि म्हणत, "हा आहे म्हणून मी पत्र्यावर बिनघोर पाय टाकतो." एवढे कौतुक मला पुरे होते. त्यांची मुलगी तिथेच, चिठ्ठ्या छापायच्या खोलीत कामाला होती. डबा दोघे एकत्रच खात.

त्या दिवशी सगळेच बिनसले होते. औषधांचा ट्रक रस्त्यात अडकला होता. त्यात डोंगराकडच्या तीन दवाखान्यांची सलाईनची खोकी होती आणि तिकडे जाणारा टेम्पो इंजिन चालू ठेवून उभा होता. वारा सुटला होता. चिठ्ठ्यांच्या खोलीचे दार धाडधाड आपटत होते, कागद उडत होते. मुलगी धावत बाहेर आली. मी तीन नंबरच्या दाराजवळच्या खांबाशी रिकामा पडलो होतो. तिने मला उचलले आणि दाराला लावले. मनात म्हणाली असेल, दोन मिनिटांत ठेवते परत.

तेवढ्यात औषधांचा ट्रक तीन नंबरला लागला.

ड्रायव्हर खाली उतरून ओरडला, "ठोकळा कुठाय?"

"हँडब्रेक लावलाय ना? मग झालं तर!" मुकादम गरजला. "खोकी उतरवा आधी. ठोकळा शोधू मागून."

खोलीतून ते मला ऐकू आले. मुलीलाही आले. तिने एकदा माझ्याकडे पाहिले. पण यंत्रातून सलाईनच्या चिठ्ठ्या बाहेर पडत होत्या. ती पुन्हा यंत्राकडे वळली. मित्रांनो, मला तोंड असते तर मी तेव्हा ओरडलो असतो.

पहिल्या चार फेऱ्या नीट गेल्या. पाचव्या फेरीला ट्रक वीतभर पुढे सरकला, पत्र्याचे टोक सुटले आणि पत्रा खाली गेला. त्यावर सावकाशकाका होते, त्यांच्यामागून भरलेली ट्रॉली. काकांचा आवाज मी त्यापूर्वी कधी एवढा मोठा ऐकला नव्हता.

पाय दोन ठिकाणी मोडला. गुडघा पुन्हा कधी वाकणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

दोन दिवसांनी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना फलाटावर जमवले. मुकादमाने लिहून दिले होते की ड्रायव्हरने ब्रेक नीट लावला नव्हता. ड्रायव्हर मान खाली घालून उभा होता. त्याची नोकरी जाणार हे सगळ्यांना दिसत होते.

मुलगी पुढे आली. तिच्या हातात मी होतो. 

"हा मी नेला होता," ती म्हणाली. "दाराला लावायला. ड्रायव्हरदादांनी मागितलाही होता. मी ऐकलं होतं, साहेब. ऐकूनही उठले नाही."

मग मुकादम खालच्या आवाजात म्हणाला, "मागून शोधू, असं मीच म्हणालो होतो."

ड्रायव्हरची नोकरी राहिली. मुकादमाचे पद गेले. मुलीला साहेबांनी कामावर ठेवले, पण कितीतरी दिवस ती डबा न उघडताच परत नेई. झाडणाऱ्या मावशींना ती एकदा सांगत होती, "बाबांना सगळं सांगितलं, मावशी. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मग म्हणाले, 'खरं बोलून त्या ड्रायव्हरचं घर वाचवलंस ते बरं केलंस. माझा राग जायला जरा वेळ लागेल. तू येत राहा.'"

ती रोज जात राहिली. काका मात्र फलाटावर परतले नाहीत. आता चाकाखाली ठोकळा बसल्याची खूण मिळाल्याशिवाय आणि ट्रकची किल्ली हातात आल्याशिवाय पत्रा टाकत नाहीत. ते बघण्याचे काम मुलीने मागून घेतले आहे.

परवा तिने मला उलटे करून पाहिले. टायरची पट्टी गुळगुळीत झाली आहे, पोटात चीर गेली आहे. "हा बदला," ती म्हणाली. मला वाईट वाटले नाही. झिजलेल्या ठोकळ्यावर कुणी माया करू नये, त्याच्या जागी नवा आणावा.

मित्रांनो, तुमच्या आसपासही माझ्यासारख्या साध्या वस्तू असतील: शिडीची दोरी, दाराची कडी, गॅसची नळी. त्या वेळच्या वेळी तपासा. आणि त्यांतली एखादी "दोनच मिनिटं" म्हणून उचलताना क्षणभर थांबा. तिच्या भरवशावर कुणीतरी पाऊल टाकणार असते, आणि ते माणूस तुमच्या घरातलेही असू शकते.